जुनी मोटार आणि गृहस्थाचा विवेक

चेन्नई नगरीच्या पश्चिम भागात अंबत्तूर आहे. 1964 साली तेथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. लगतच्या पाडी येथे मोटारींची चाके, ब्रेक व स्टार्टर यांचे कारखाने आहेत. समजा, याच परिसरातील एक गृहस्थ वडिलांनी घेतलेली वीस वर्षांची मोटार दुरुस्त करीत वापरीत आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, कर्ज काढू, पण नवी गाडी घेऊ. जीर्ण वस्त्र टाकावयाचे असते, असे गीताच सांगते ना?" या गृहस्थाने काय करावे?

दुसऱ्या अध्यायात तो दृष्टान्त आहे खरा. परंतु तो अर्जुनाचा शोक निवारण्यासाठी, देह व देही यांचा भेद दाखविण्यासाठी आला आहे. खरेदीच्या समर्थनासाठी नव्हे. शिवाय तेथे वस्त्र टाकले जाते ते जीर्ण झाल्यावर. शेजाऱ्याचे वस्त्र अधिक झुळझुळीत दिसले म्हणून नव्हे. चालती मोटार केवळ प्रतिष्ठेसाठी मोडीत काढून ऋण डोक्यावर घेणे, ही तृष्णाच होय. लोभ व स्पृहा ही रजोगुणाची लक्षणे म्हणून चौदाव्या अध्यायात सांगितली आहेत.

तथापि, जुनी मोटार बाळगणारा तेवढ्याने अपरिग्रही ठरतो काय? मुळीच नाही. तिचा काळा धूर शेजारच्या बालकाच्या छातीत जात असेल, तिचे ब्रेक ऐन वेळी लागत नसतील, तर ती काटकसर परपीडेवर उभी आहे. "ही वडिलांची गाडी" ही ममताही आसक्तीच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे 2023 साली रस्त्यावरून गेल्या, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. हळहळ स्वाभाविक आहे. पण तिला कर्तव्याच्या आड येऊ देऊ नये. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांनंतर तपासणी होऊनच पुढे चालू राहते. ही तपासणी चुकविणारा गृहस्थ पैसा वाचवितो, पण सत्य गमावितो.

म्हणून प्रश्न नवे की जुने, हा नाहीच. वस्तू आपल्या सेवेत आहे, की आपण तिच्या सेवेत आहोत, हा आहे. अंबत्तूरच्या त्या गृहस्थाने मोटार अवश्य वापरावी. वेळेवर तेल, ब्रेक, धूर तपासून घ्यावा, मिस्त्रीला त्याचे कष्टाचे मोल द्यावे. आणि ज्या दिवशी तोच मिस्त्री म्हणेल, "आता ही रस्त्यावर आणू नका," त्या दिवशी वाद न घालता किल्ली खाली ठेवावी. मुलगा जे शिकेल ते त्या क्षणी पित्याच्या वागण्यातून शिकेल.