हक्कसोड आणि सात्त्विक दान



आजचा श्लोक गीतेच्या १७ व्या अध्यायातला २१ वा. राजस दान कोणतं, ते भगवंत इथे सांगतात. परतफेडीच्या अपेक्षेने, फळावर डोळा ठेवून किंवा मनाला क्लेश होत असताना दिलेलं, ते राजस.

हा श्लोक वाचला की मला हक्कसोडपत्र आठवतं. वडील गेले की बहिणीला दुय्यम निबंधक कार्यालयात बोलावतात आणि ती सही करते. मग आपण कौतुकाने म्हणतो, "ताईनं काही मागितलं नाही, केवढा त्याग!"

पण ती सही का करते? बऱ्याचदा माहेर तुटू नये म्हणून. दिवाळीला ते दार उघडं राहावं म्हणून. म्हणजे अपेक्षा आहे आणि क्लेशही आहे. शिवाय असा त्याग भावाकडे कुणी मागत नाही. फॉर्मवर आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटीला संमती म्हणायचं का?

कायदा तर स्पष्ट आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट राहिली नाही. हा हक्क जन्मानेच मिळतो, २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं.

"तिच्या लग्नात खर्च केला की!" असं कुणी म्हणेल. पण तो पैसा हॉल, जेवणावळी आणि मानपानात गेला. तिच्या नावावर काय राहिलं?

एखाद्या बहिणीला खरंच मनापासून द्यायचं असेल तर? जरूर द्यावं. पण दान आपल्या हातातल्या वस्तूचंच करता येतं. आधी सातबाऱ्यावर तिचं नाव लागू दे. मग सहा महिन्यांनी, वर्षाने, कुणी न विचारता तिला द्यावंसं वाटलं, तर ते सात्त्विक.

ईशावास्य उपनिषदाचा पहिलाच मंत्र दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नको म्हणतो. ही शिकवण घेणाऱ्यासाठी आहे. आपण मात्र निर्लोभीपणाचे धडे फक्त बहिणीला देतो.

म्हणून भावांनो, आजची साधना छोटीशी. वारस नोंदीत बहिणीचं नाव आहे ना, ते बघा. तिच्यापुढे कागद आला तर तो तिला नीट वाचू द्या, हवं तर तिच्या ओळखीच्या वकिलाला दाखवू द्या. आणि एक वाक्य तुम्हीच आधी बोला: "ताई, तू हिस्सा घेतलास तरी हे घर तुझंच आहे."

राम कृष्ण हरी!