प्रार्थनेत नाव कुणाचं घ्यायचं?

प्रार्थना-समूह सुरू करायला फारसं काही लागत नाही. फादरांची परवानगी, चर्चमागच्या एका खोलीची किल्ली, आठवड्यातला बऱ्यापैकी मोकळा असा एक वार आणि चार-पाच माणसं. आम्हाला हे सगळं दोन आठवड्यांत मिळालं. वार शुक्रवार, वेळ रात्री साडेआठ. निम्मी मंडळी विरार लोकलने घरी येतात, त्याआधी पोचणं कुणालाच शक्य नसतं.

मी वसईचा कॅथलिक, शिक्षणाने इंजिनिअर, पोटासाठी कोड लिहितो. रविवारच्या मिस्साला आमच्या चर्चमध्ये शेकड्यांनी लोक येतात. शांतीचं अभिवादन करताना आपण शेजारच्याला हात जोडतो, आणि त्याचं घर कुठल्या वाडीत आहे हेही आपल्याला माहीत नसतं. एकत्र प्रार्थना करणाऱ्यांनी एकमेकांना थोडं तरी ओळखावं, एवढाच आमचा विचार होता. एक गीत, बायबलमधला एक उतारा, थोडी शांतता, मग ‘हेतू’. हेतू म्हणजे कुणासाठी आणि कशासाठी प्रार्थना करायची ते प्रत्येकाने सांगायचं. गीत आणि उतारा यांचं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते हेतूंचं.

रविवारच्या मिस्सातही भाविकांची प्रार्थना असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली ती उपासनेत पुन्हा आणायला सांगितलं. तिचा क्रमही ठरलेला आहे: ख्रिस्तसभा, मग राज्यकर्ते आणि जग, मग दुःखात असलेले लोक, मग आपला स्थानिक समाज. ‘आजारी लोकांसाठी’ म्हणतात, अमक्या गल्लीतल्या अमक्यासाठी असं सहसा म्हणत नाहीत. मिस्साचे हेतू वाचताना मात्र मृतांची नावं स्पष्ट घेतली जातात. ढोबळमानाने सांगायचं तर मेलेल्यांची नावं मोठ्याने आणि जिवंतांची मोघम. लहानपणी मला हे कोरडं वाटायचं. आता वाटतं की यात शहाणपण आहे. मेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी रिक्षा स्टँडवर उभं राहायचं नसतं.

आमच्याकडे एक मावशी येतात. (त्यांना आणि त्यांच्या मुलाला विचारून हे लिहितो आहे, काही तपशील बदलून. मुलगा म्हणाला, “लिही, पण गाव सांगू नकोस.”) तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी त्यांनी हेतू सांगायला सुरुवात केली. आम्ही सगळे देवाशी पुस्तकी मराठीत बोलतो, कारण मिस्सा त्या मराठीत आहे. घरी सामवेदी बोलतो. मावशींचं पहिलं वाक्य पुस्तकी होतं, दुसरं सामवेदीत आलं. मुलगा पितो. रात्री अडीचला येतो. त्या जाग्या असतात, दार त्याच उघडतात. बोलून झाल्यावर त्या रडल्या नाहीत, पाणी प्यायल्या. आम्ही अकरा जण होतो. सगळ्यांनी त्या मुलाचं नाव घेऊन प्रार्थना केली. मला विचाराल तर त्या खोलीत तोवर झालेल्या प्रार्थनांमधली ती सगळ्यात खरी होती.

दोन आठवड्यांनी रिक्षा स्टँडवर समूहातल्या एका सद्गृहस्थांनी त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, “आम्ही सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतोय.” शेजारी त्याचे दोन मित्र उभे होते.

तो मला नंतर भेटला. रागावलेला नव्हता, त्यामुळे ऐकायला जास्त जड गेलं. म्हणाला, “प्रार्थनेला माझी ना नाही. पण मला कुणी काही विचारलं नाही. मी तुमचा हेतू झालो.”

त्या सद्गृहस्थांना मी दोष देणार नाही. ते मनापासून बोलले होते. पेच नेमका तिथे आहे. कुचाळकी ओळखता येते, तिचा आवाजच वेगळा असतो. मायेने सांगितलेली बातमी ओळखता येत नाही, आणि तीही तितकीच लांब जाते.

माझ्या धंद्यातल्या माणसाला यावर पटकन एक उपाय सुचतो: ज्याची माहिती, त्याची परवानगी. समूहात प्रत्येकाने फक्त स्वतःचं सांगावं, दुसऱ्याचं नाव मनात घ्यावं. याला शास्त्राचा आधारही सापडतो. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापांची कबुली आणि एकमेकांसाठी प्रार्थना या दोन गोष्टी जोडीने येतात. पण कबुली ज्याची त्याने द्यायची आहे. आईने मुलाच्या वतीने कबुली द्यावी असं तिथे काही नाही.

पण हा नियम मावशींना सांगून बघा. मुलाची दारू ही मुलाची खासगी गोष्ट आहे, मान्य. रात्री अडीचला उठून दार उघडणं ही कुणाची खासगी गोष्ट? ती तर आईचीच. एक सांगितलं की दुसरं आपोआप सांगितलं जातं. मुलाची अब्रू राखायची म्हणून आईने गप्प बसायचं, हा नियम आपल्या घरांमध्ये आधीपासूनच आहे आणि त्याने कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. तोच नियम प्रार्थनेच्या खोलीत आणायचा असेल तर ती खोली कशाला उघडायची?

मग दुसरा प्रश्न येतो. देवाला सगळं माहीतच आहे, तर मोठ्याने सांगायचंच कशाला? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हा प्रश्न घेतला होता. त्याचं म्हणणं साधारण असं: आपण देवाला माहिती पुरवण्यासाठी प्रार्थना करत नाही. आपल्याला त्याची गरज आहे, हे आपल्यालाच आठवावं म्हणून करतो. एकट्याच्या प्रार्थनेला आवाजाची सक्ती नाही, सामूहिक प्रार्थनेला मात्र आवाज हवा, कारण जिच्यात लोक सामील आहेत ती लोकांना कळायला हवी. अक्वायनसच्या डोक्यात चर्चमधली उपासना होती, आमच्यासारखी खोली नव्हती. तरी मला ते इथे लागू वाटतं. मुलगा पितो हे मावशी देवाला कळवत नव्हत्या. आपण रात्री अडीचला जाग्या असतो हे आणखी दहा माणसांना ठाऊक असावं, एवढीच त्यांची गरज होती.

म्हणजे बोलणाऱ्यावर बंधन घालून भागत नाही. बंधन ऐकणाऱ्यावर हवं. इथे मला पापनिवेदनाचा कायदा आठवतो. धर्मगुरूने पापनिवेदनातलं काही बाहेर सांगायचं नाही, हे सिनेमे बघणाऱ्यांनाही माहीत असतं. मुद्दाम सांगितलं तर तो आपोआप बहिष्कृत होतो. पण 1983 च्या कॅनन कायद्यात त्याच कलमाचा दुसरा भाग आहे, ज्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: दुभाषी असेल तर त्याने, आणि कुठल्याही मार्गाने ज्याच्या कानावर ते पडलं त्यानेही, गुप्तता पाळायची. म्हणजे केवळ पदामुळे बंधन येतं असं नाही. ऐकण्यामुळेही येतं. तुमच्या कानावर पडलं, झालात बांधील.

आमच्या खोलीला असा कायदा नाही, आणि नसावाच. तिथे कुणी धर्मगुरू म्हणून बसत नाही. पण कायद्याशिवाय हे जमतं याचा दाखलाही आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस 1935 पासून चालू आहे, आणि त्याच्या नावातच अनामिकता आहे. तिथे माणूस स्वतःबद्दल बोलतो, आणि खोलीतलं खोलीत राहावं हे सगळ्यांनी मिळून धरलेलं असतं.

हे मी समूहात मांडलं तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली. पूर्वी वाडीत सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असायचं, ऑक्टोबरात जपमाळेला जमायचो तेव्हा उघड नावं घ्यायचो, कुणाचं काय बिघडलं? त्यांचं निम्मं पटलं. मात्र तेव्हा ज्याला तुमच्या घरातलं माहीत होतं, तोच सकाळी तुमच्या केळीला पाणी सोडायला यायचा. माहितीबरोबर काम यायचं. आज माहिती एकटीच फिरते. माझ्या फोनमध्ये प्रार्थनेचे हेतू फॉरवर्ड होत येतात: कुठल्या तरी शहरातल्या कुणाचं तरी नाव, आजार, हॉस्पिटलचा वॉर्ड. मी हात जोडलेला इमोजी टाकतो आणि पुढे सरकतो. त्या माणसाचा वॉर्ड मला का माहीत असावा?

शेवटी ठरलं ते इतकंच. दुसऱ्याबद्दल सांगायचं असेल तर ‘मला काय होतंय’ असं सांगायचं. नाव घ्यावंसं वाटलं तर घ्यावं, पण खोलीबाहेर तो विषय ऐकणाऱ्याने काढायचा नाही, मायेनेही नाही, खुद्द त्या माणसाजवळही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त वेळ आणि गीताचा नंबर. हेतू तिथे टाइप करायचे नाहीत, कारण ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ स्क्रीनशॉट पुसत नाही. सद्गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तो मुलगा समोर दिसला तर मी काय करू?” कुणीतरी म्हणालं, “चहा पाजा.”

ते खरंच पाजतात की नाही, मी विचारलेलं नाही.

मावशी मध्ये तीन शुक्रवार आल्या नाहीत. चौथ्या शुक्रवारी आल्या, नेहमीच्या खुर्चीवर बसल्या. त्यांची पाळी आली तेव्हा पुस्तकी मराठीत एवढंच म्हणाल्या, “माझ्या घरासाठी.” सगळ्यांना कळलं आणि कुणीही काही विचारलं नाही. त्या रात्री किल्ली परत द्यायला जाताना मला सारखं वाटत होतं, हे आम्ही कमावलं की गमावलं? पुढच्या शुक्रवारीही त्या तेवढंच म्हणाल्या.