खोड आणि स्वभाव

चंडीगढच्या मूळ आराखड्यात तेरा क्रमांकाचा विभाग नव्हता. बारानंतर एकदम चौदा येत असे. २०२० साली प्रशासनाने हा गाळलेला आकडा मनीमाजऱ्याला बहाल केला. त्यात थोडा विनोद आहे. कारण मनीमाजरा हे या शहरापेक्षा कितीतरी जुने गाव. १७६४ मध्ये सरहिंद पडल्यानंतर गरीबदासाने येथे आपली लहानशी गादी स्थापिली. त्याच घराण्यातील गोपालसिंगाने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जवळच मनसादेवीचे मंदिर बांधविले. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तेव्हा कोठे शिवालिकच्या पायथ्याशी ल कॉर्बुझिएचे शहर उभे राहू लागले. पुढे या नव्या शहराच्या जुन्या मोटारी मात्र याच जुन्या गावाच्या वाट्याला आल्या. मनीमाजऱ्याच्या मोटार मार्केटात त्या दुरुस्त होतात, विकल्या जातात, आणि ज्यांचे दिवस भरले त्यांचे सुटे भाग होऊन इतर गाड्यांच्या पोटात शिरतात.

समजा, नोकरीनिमित्त चंडीगढला स्थायिक झालेला एक मराठी गृहस्थ या बाजारात एका जुन्या पद्मिनीसमोर उभा आहे. त्याच किमतीत त्याला आठ-दहा वर्षे वापरलेली, निमूटपणे चालणारी एखादी सामान्य गाडी मिळू शकते. तथापि त्याचे मन पद्मिनीकडे ओढ घेते. कारण विचारल्यास तो म्हणेल, ‘या गाडीला स्वभाव आहे.’ हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. यंत्राला स्वभाव असतो का, असल्यास तो विकत घेता येतो का, आणि तो विकत घेण्याचा अधिकार माणसाला कोणत्या मर्यादेपर्यंत आहे, असे तीन प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. पहिले दोन तत्त्वज्ञानाचे, तिसरा नीतीचा.

ल कॉर्बुझिएला पहिला प्रश्नच मान्य झाला नसता. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने ग्रीक मंदिरांच्या छायाचित्रांजवळ मोटारींची छायाचित्रे छापली. त्याच्या लेखी मोटार म्हणजे प्रमाणित रूपाचा विजय होता: एकदा नमुना ठरला की स्पर्धेतून तो घासूनपुसून निर्दोष होत जातो. अशा वस्तूची हजारावी प्रत पहिल्या प्रतीहून वेगळी असता कामा नये. वेगळी निघालीच तर ती चूक. कारखान्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्या गाडीविषयी हे खरेही आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात (सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीत) तयार झालेल्या दोन पद्मिनी पहिल्या दिवशी जुळ्या बहिणींसारख्या असतील. पंचवीस वर्षांनी त्या तशा राहत नाहीत. एक थंडीत चोक ओढल्याखेरीज जागी होत नाही; दुसरी जूनच्या उन्हात चढावर दम टाकते आणि तिच्या पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकून बसून राहावे लागते. एकीचा गिअर अर्धा इंच वर उचलूनच पडतो. ही माहिती कोणत्याही छापील पुस्तिकेत नसते. ती चालवणाऱ्याच्या हातात असते.

मराठीत याला नेमका शब्द आहे: खोड. तो मोटारीपूर्वीचा आहे. जनावरांच्या बाजारातला आहे. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारा त्याचे दात पाहतो, अंगावरचे भोवरे पाहतो, चाल पाहतो, आणि मग विचारतो, ‘खोड काही?’ खोड म्हणजे दोष खरा, पण निव्वळ दोष नव्हे. खोड ही त्या एका जनावराची असते, जातीची नव्हे. ज्याला स्वभाव म्हणावयाचे तो बहुधा अशाच खोडींचा, आणि त्यांना सरावलेल्या माणसाच्या मायेचा, मिळून झालेला असतो. निर्दोष वस्तूचे कौतुक करता येते. परंतु तिच्याविषयी सांगण्यासारखे फार थोडे असते.

पण ही खोड नेमकी असते कोठे? पंजाबच्या भूमीवर हा प्रश्न बावीसशे वर्षांपूर्वीचा म्हणावा लागेल. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद सागल नगरीत घडतो. आणि सागल म्हणजे आजचे सियालकोट असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजा रथातून आला आहे. नागसेन त्याला विचारतो, दांडी म्हणजे रथ काय? आस? चाके? जू? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग या सर्वांहून निराळे असे काही रथ आहे काय? तेही नाही. तेव्हा रथ हे एक नाव आहे, भागांच्या आधाराने चालणारा व्यवहार आहे. नागसेनाला पुढे माणसाविषयी बोलावयाचे होते. रथ हा केवळ दृष्टान्त. मनीमाजऱ्यात मात्र दृष्टान्त हाच विषय होतो. ज्या पद्मिनीसमोर आपला गृहस्थ उभा आहे, तिचा कार्ब्युरेटर एका गाडीचा, दरवाजा दुसरीचा, रेडिएटर तिसरीचा असू शकतो. प्लूटार्कने सांगितलेल्या थीसियसच्या नौकेची एकेक फळी बदलली गेली, आणि सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली की, काढलेल्या फळ्या जमवून कोणी दुसरी नौका बांधली तर खरी कोणती? हॉब्जची ती कल्पनेतली नौका येथे रोज बांधली जाते.

कायद्याने या वादात न शिरता आपला निकाल दिला आहे. इंजिन बदलले तर तशी नोंद करून घेता येते, रंग बदलता येतो. चॅसिसवर ठोकलेला क्रमांक मात्र तोच राहिला पाहिजे. नागसेनाला न सापडलेला रथ परिवहन कार्यालयाला लोखंडात कोरलेला सापडतो! व्यवहारापुरते हे ठीकच आहे. परंतु गृहस्थाला हवा असलेला स्वभाव चॅसिसच्या क्रमांकात नाही, हे उघड आहे.

या ठिकाणी महाभारतातील एक प्रसंग अधिक प्रकाश टाकतो. युद्ध संपल्यावर कौरवांच्या छावणीपाशी कृष्ण अर्जुनाला आधी रथातून उतरण्यास सांगतो आणि मग स्वतः उतरतो. तो उतरताच रथ जळून राख होतो. द्रोण आणि कर्ण यांच्या अस्त्रांनी तो आधीच दग्ध झालेला होता. सारथी बसून होता म्हणून टिकला होता. पुराणातला चमत्कार म्हणून हे सोडून देता येईल. पण जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याची प्रतीती वारंवार येते. एकाच मालकाच्या हाती तीस वर्षे सुखाने चाललेली गाडी नव्या मालकाकडे तीन महिन्यांत मोडून पडते. तिचे भाग तेच असतात. गेलेला असतो तो कान, जो इंजिनाच्या आवाजातला फरक ऐकत होता. स्वभाव गाडीत नव्हता आणि मालकातही नव्हता. तो दोघांच्या सहवासात होता. विक्रीच्या वेळी २९ आणि ३० क्रमांकांच्या फॉर्मांवर सह्या होतात तेव्हा मालकी हस्तांतरित होते, सहवास होत नाही. वडिलांची गाडी राखणारा मुलगा आणि परक्याची गाडी घेणारा रसिक यांत म्हणून मोठे अंतर आहे. पहिला स्वतःची आठवण सांभाळतो. दुसरा दुसऱ्याची आठवण विकत घेऊ पाहतो, आणि हाती येते ती केवळ नव्याने सहवास जोडण्याची शक्यता. तिची किंमत पैशात थोडी, लक्ष देण्याच्या वर्षांत मोठी असते. ज्याच्यापाशी ती वर्षे नाहीत त्याने स्वभावाची गाडी घेणे म्हणजे न वाचण्याच्या तयारीने ग्रंथसंग्रह विकत घेणे होय.

विकणाऱ्याकडेही पाहिले पाहिजे. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात सिसेरोने एका धान्यव्यापाऱ्याचे उदाहरण घेतले आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. हा अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पहिला पोहोचला आहे. मागून आणखी गलबते येत आहेत, हे त्यालाच ठाऊक आहे. त्याने ते सांगावे काय? डायोजेनीस नावाचा स्टोइक म्हणतो, कायदा सांगावयास लावतो तेवढे सांगितले की पुरे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, ग्राहकाला ठाऊक असावयास हवे ते लपविता कामा नये. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. १९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींचाच दाखला घेऊन दाखविले की, विकणाऱ्याला दोष माहीत आणि घेणाऱ्याला नाही अशा बाजारात भाव सरासरीने ठरतो, त्यामुळे चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो आणि वाईट गाड्याच मागे उरतात. त्याला २००१ साली नोबेल मिळाले. (अमेरिकेत अशा फसव्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. आपल्याकडे लिंबू गाडीला दृष्ट लागू नये म्हणून बांधतात. दोन संस्कृतींनी एकाच फळाकडे किती वेगळ्या नजरेने पाहावे!) या बाजारात ‘स्वभाव’ हा शब्द दलालाच्या तोंडी आला की सावध व्हावे. खोड सांगणे हा प्रामाणिकपणा आहे. खोडीला स्वभाव म्हणून अधिक भाव मागणे हा डायोजेनीसच्याही पुढचा मार्ग झाला.

आता तिसरा प्रश्न. खोड असणे वाईट नाही, असे वर म्हटले. पण तिचा भार कोण वाहतो? जनावरांच्या बाजारात हा भेद सर्वांना कळत असे. उजव्या बाजूने जुंपू न देणारा बैल आणि माणसाला शिंग लावणारा बैल, दोघांनाही खोडच असते. परंतु पहिल्याची धन्याने सोसावयाची, दुसऱ्याची वाटसरूने. चोक ओढणे, ओले फडके टाकणे, रविवारची सकाळ बॉनेट उघडून घालविणे, ही मालकाने सोसलेली खोड होय. एका बाजूला ओढणारा ब्रेक आणि मागच्या सायकलवाल्याच्या तोंडावर जाणारा धूर यांना हे नाव देता येत नाही. हा भेद स्पष्ट वाटतो खरा; जवळ जाताच तो धूसर होतो. फॉर्मवर सही एकाची असते, गाडीत बसणारे चार असतात. भर दुपारी रस्त्याच्या कडेला गाडी गार होण्याची वाट पाहणारी पत्नी या रसिकतेत कधी सामील झाली होती? मागच्या आसनावरील मुलीने तर काहीच निवडलेले नसते. नव्या गाड्यांत चालकापुढे एअरबॅग असणे भारतात जुलै २०१९ पासून सक्तीचे आहे. धडकेचा जोर गाडीच्या सांगाड्याने स्वतःवर घ्यावा आणि आतल्या माणसापर्यंत पोहोचू देऊ नये, ही कल्पना पद्मिनीच्या मूळ फियाट घडणीच्या काळी सर्वसाधारण गाड्यांत आलेली नव्हती. जाड पत्र्याची गाडी भक्कम असते, हा समज त्यामुळेच घातक ठरतो. जो पत्रा दबत नाही तो धक्का आत पाठवतो.

धुराबाबत जुन्या गाडीचे चाहते एक युक्तिवाद करतात आणि तो सर्वस्वी टाकाऊ नाही. नवी गाडी घडविण्यातही लोखंड वितळते, वीज खर्ची पडते. असलेली गाडी चालविणे म्हणजे तेवढे वाचविणे. परंतु हा हिशेब रोजच्या तीस किलोमीटरांना लावला की बिघडतो, कारण उत्प्रेरक-नळकांडे नसलेल्या इंजिनाचा विषारी धूर प्रत्येक किलोमीटरला वाढत जातो. शिवाय आपल्या गृहस्थापुढे नवी गाडी हा पर्यायच नव्हता. दुसरी, कमी जुनी, सामान्य गाडी हा होता. तीही आधीच घडून बसलेली आहे. तेव्हा या युक्तिवादाचा त्याला उपयोग नाही, आणि तो त्याने करू नये.

कायद्याचे धोरण येथे सूचक आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्यासाठी मोटारीचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले. दुसरीकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी प्रतिष्ठा दिली. अट अशी की प्रदर्शन, फेरी, देखभाल अशा कारणांखेरीज ती रस्त्यावर येऊ नयेत. म्हणजे पंधरापर्यंत गाडी ही सोय, पन्नासनंतर वारसा, आणि मधली पस्तीस वर्षे ती एक संशयित. माणसांच्या बाबतीतही समाज काही फार निराळा वागत नाही.

मुंबईत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपताच ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तेव्हा वृत्तपत्रांनी निरोपाचे लेख छापले, लोकांनी छायाचित्रे काढली. शहराचे ते दुःख खोटे नव्हते. पण फुकटचे होते. त्यांपैकी किती जण अखेरच्या वर्षांत वातानुकूलित गाडी सोडून पद्मिनीला हात करीत होते? दुसऱ्याने वाहिलेल्या ओझ्यावर प्रेम करणे सोपे. मनीमाजऱ्यात पैसे मोजण्यास उभा असलेला गृहस्थ निदान ते ओझे स्वतः उचलावयास निघाला आहे, हे त्याच्या बाजूने नोंदविले पाहिजे. नेकचंदने याच शहरात टाकलेल्या बांगड्या, फुटकी भांडी, निकामी नळ्या उचलून रॉक गार्डन रचले. ते १९७६ साली लोकांना खुले झाले. त्याने वस्तू वाचविल्या, पण त्यांचे पूर्वीचे काम त्यांच्याकडून मागितले नाही. फुटक्या कपाला पुन्हा चहा धरावयास लावले नाही. आपल्या गृहस्थाला मात्र जुन्या रथाने रथच राहावयास हवे आहे, आणि सारी अडचण तेथेच आहे.

तेव्हा त्याने गाडी घ्यावी काय? रोजच्या कामासाठी, मुलीला शाळेत सोडण्यासाठी, घरातली एकमेव गाडी म्हणून ती घेणे योग्य नव्हे. तेथे त्याच्या आवडीची किंमत इतरांनी भरावयाची असते. महिन्यातून दोनदा, ब्रेक आणि धूर यांची तपासणी कोणतीही सवड न घेता करून, पत्नीला आधी विचारून, आणि बॉनेटखाली जाणाऱ्या आपल्या रविवारांची मोजदाद करून घेतली, तर तिला हरकत घेण्याचे कारण दिसत नाही. आणखी एक गोष्ट त्याने सौद्यापूर्वीच मनाशी ठरवावी. दहा वर्षांनी, गुडघे दुखू लागल्यावर, तो याच बाजारात विकणारा म्हणून येईल. समोर कोणी तरुण उभा असेल, गाडीवर भाळलेला, आणि तो खोड विचारणारही नाही. चोकचे आणि ओल्या फडक्याचे तर तो कौतुकाने सांगेलच. ब्रेक कोणत्या बाजूला ओढतो तेही, सही होण्यापूर्वी, त्याला सांगावे लागेल.