वाटेचा अधिकार आणि सावधगिरीचा उपदेश

उपदेश करणे सोपे, असे आपण सर्वच म्हणतो. परंतु उपदेश करणाऱ्याच्या शिरावर काही ऋण चढते की नाही, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. कामावर सायकलीने जावे, असा उपदेश हल्ली पुष्कळ ऐकू येतो. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१८ साली ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरविला. २०२० साली केंद्र सरकारने शहराशहरांत सायकलीला उत्तेजन मिळावे म्हणून स्पर्धाच जाहीर केली. हेतू उत्तम आहे. सायकल धूर सोडीत नाही, पेट्रोल मागत नाही, जागा थोडी अडविते आणि बैठ्या कामाने जड झालेल्या देहाला रोज व्यायाम घडविते. याविषयी वाद नाही.

वाद आहे तो या उपदेशाच्या पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या उपदेशाविषयी. सायकलीने जा, असे सांगून होते न होते तोच सांगितले जाते की, हेल्मेट घाला, भडक रंगाचे कपडे घाला, कडेकडेने चला, सांभाळा. ही दोन वाक्ये एकाच मुखातून निघाली की एक नैतिक प्रश्न उभा राहतो. जी वाट धोक्याची आहे असे आपण स्वतःच मानतो, त्या वाटेवर दुसऱ्याला बोलावण्याचा आपल्याला काय अधिकार? आणि बोलावल्यावर 'सांभाळा' एवढे म्हटल्याने आपली जबाबदारी फिटते काय?

प्रथम न्यायाने बोलले पाहिजे. सावधगिरीच्या या सूचना खोट्या नाहीत. सायकलीवरून पडताना हेल्मेट डोक्याचे रक्षण करते. अंधारात मागचा लाल दिवा दुरून दिसतो. डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या अंगाला, पुढच्या चाकापाशी असलेला सायकलस्वार चालकाला बहुधा दिसत नाही, म्हणून तेथे घुसू नये, हे ज्ञान तर जीव वाचविणारे आहे. अशा गोष्टींची थट्टा करणारा मनुष्य शूर नव्हे, अविचारी होय. घरातून बाहेर पडणाऱ्या मुलाला उंबरठ्यावरून 'जपून जा रे' म्हणणाऱ्या आईला कोणी दोष देणार नाही.

परंतु वाक्याचा अर्थ वाक्यात पुरता नसतो. तो बोलणाऱ्याच्या स्थानावरही अवलंबून असतो. आईच्या तोंडी जी माया, तीच धडक देणाऱ्याच्या तोंडी पळवाट ठरते आणि रस्ता बांधणाऱ्याच्या तोंडी टाळाटाळ. अपघातानंतर आपल्याकडे पहिला प्रश्न काय निघतो? 'त्याच्या सायकलीला दिवा होता का?' मोटार किती वेगाने येत होती, हा प्रश्न मागाहून येतो, कित्येकदा येतच नाही. सावधगिरीचा उपदेश अशा रीतीने नकळत दोषारोपाचे साधन बनतो.

आमच्या वकिली व्यवसायात यास सहभागी निष्काळजीपणा म्हणतात. त्याविषयी १८४२ सालचा एक इंग्रजी निवाडा प्रसिद्ध आहे. एका मनुष्याने आपल्या गाढवाचे पुढचे पाय बांधून त्यास सार्वजनिक रस्त्यावर चरावयास सोडले होते. भरधाव आलेल्या एका गाडीखाली ते गाढव चिरडले. गाढव असे सोडणे ही मालकाची चूकच, असे धरले तरी न्यायालयाने भरपाई मालकालाच दिली. कारण गाडीवानाने बेताने गाडी हाकली असती तर अपघात टळला असता. समोरचा चुकला म्हणून त्याच्या अंगावर गाडी घालण्याची मुभा कोणाला मिळत नाही. जो न्याय गाढवाला मिळाला तो सायकलीवरून गिरणीत किंवा कचेरीत जाणाऱ्या माणसाला मिळावा, ही अपेक्षा जास्त नव्हे. आपल्या मोटार वाहन कायद्यातही हे तत्त्व आता काही अंशी उतरले आहे. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या १६४ व्या कलमानुसार मोटारीच्या अपघातात मृत्यू आल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये, चूक कोणाची हे सिद्ध न करताही मिळू शकतात. पण भरपाई हा मागाहूनचा उपाय. गेलेला जीव तिने परत येत नाही.

वाट प्रथम कोणाची, हा प्रश्न आपल्या परंपरेला अपरिचित नाही. महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. जनकाच्या यज्ञाला निघालेल्या त्या वाकड्या देहाच्या मुलाची आणि राजाची वाटेत गाठ पडली, तेव्हा वाट राजाने सोडावी की मुलाने, असा प्रसंग आला. अष्टावक्राने सांगितले की, वाट प्रथम आंधळ्याची, मग बहिऱ्याची, स्त्रीची, ओझे वाहणाऱ्याची आणि त्यानंतर राजाची. राजापेक्षाही वाटेवर ब्राह्मणाचा अधिकार मोठा, असे तो पुढे म्हणतो; जन्मावरून वाट ठरविण्याचा तो भाग आज आपण मान्य करणार नाही. परंतु आधीची क्रमवारी विचार करण्याजोगी आहे. जो दुर्बळ, ज्याला दिसत नाही, ज्याच्या डोक्यावर भार आहे, त्याची वाट आधी. ज्याच्यापाशी बळ आणि रथ आहे, त्याची नंतर. आंधळ्याने भडक वस्त्रे नेसून बाहेर पडावे, असे अष्टावक्राने सांगितले नाही. थांबण्याचे कर्तव्य त्याने समर्थाकडे दिले. आणि जनक बाजूला झाला.

हे केवळ कथेत घडते असे कोणी समजू नये. हॉलंडमध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेथील आईबापांनी मुलांना अधिक सावध करण्यापुरते समाधान मानले नाही. 'बालहत्या थांबवा' अशी घोषणा करून ते रस्त्यांवर उतरले. १९७३ साली तेलाची टंचाई आली आणि मोटारींना रविवारी बंदी झाली, तेव्हा रिकामे रस्ते कसे दिसतात हेही लोकांनी पाहिले. पुढे वस्त्यांतील मोटारींचा वेग कमी करण्यात आला, सायकलींना वेगळ्या वाटा मिळाल्या. मोटार सायकलस्वारावर आदळली तर भरपाईचा भार मुख्यतः मोटारवाल्यावर पडतो. चौदा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत तर जवळजवळ सर्वस्वी. आज त्या देशात रोजच्या कामासाठी सायकलीवर निघालेल्यांपैकी फारच थोडे लोक हेल्मेट घालतात. तेथील सायकलस्वाराचे मुख्य रक्षण डोक्यावर नसून रस्त्यात आहे.

याच्या उलट दिशेचा प्रयोग ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात झाला. तेथे १९९० साली सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. डोक्याच्या दुखापती घटल्या, असे कायद्याचे समर्थक दाखवितात. किशोरवयीन सायकलस्वारच कमी झाले, हे विरोधक दाखवितात. आणि हा वाद अजून मिटलेला नाही. त्यात निवाडा देण्याचे येथे कारण नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २००३ साली जेकबसन या संशोधकाने अनेक ठिकाणचे आकडे ताडून दाखविले की, चालणारे व सायकल चालविणारे लोक जितके वाढतात, तितका त्यांपैकी प्रत्येकाचा धोका कमी होतो. तेव्हा भीती घालणारा उपदेश ऐकून दहा जण सायकल सोडतात, त्या वेळी मागे उरलेला अकरावा अधिक एकटा आणि अधिक असुरक्षित होतो.

आणि हा अकरावा कोण, हे विसरता कामा नये. त्याला सायकल चालवा म्हणून कोणी प्रोत्साहन दिलेले नाही. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग यांखेरीज इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलीने जात असल्याचे आढळले. गोव्यात पहाटे भोंगा वाजवीत पाव घेऊन येणारा पोदेर, बेळगावात कामाच्या जागी निघालेला गवंडी, इंदुरात वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, हे आपले खरे सायकलस्वार. कोणी म्हणेल, धोका ठाऊक असूनही ते निघतात, म्हणजे त्यांनी तो पत्करलाच. कायद्याला हा युक्तिवाद मान्य नाही. १८९१ साली इंग्लंडच्या लॉर्ड्स सभेने, डोक्यावरून यारीने दगड नेले जात असता खाली काम करणाऱ्या मजुराच्या खटल्यात स्पष्ट केले की, धोका ठाऊक असणे म्हणजे धोक्याला संमती देणे नव्हे. पोटासाठी पत्करलेल्या धोक्याला स्वखुशी म्हणणे ही भाषेचीच विटंबना होय.

मग रस्ते सुधारेपर्यंत सायकलीचा पुरस्कार करूच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. सुजाण माणसाने आपल्यापुरता धोका पत्करावा, इतरांनाही बोलवावे. परंतु बोलावणाऱ्याने यजमानाचे कर्तव्य पाळावे. घरी पाहुणा बोलावला तर अंगणातील विहिरीला कठडा घालणे यजमानाचे काम. 'विहिरीत पडू नका' अशी पाटी लावून ते संपत नाही. पाटीही लावावी, पण कठड्याच्या बदल्यात नव्हे. सायकलीचा उपदेश करणाऱ्या नगरपालिकेने आधी वेगाला आवर घालावा, रस्त्याची कड खड्ड्यांतून व उभ्या मोटारींतून मोकळी करावी, चौकांत दिवे लावावे. मग सायकलस्वाराला दिवा लावण्यास सांगावे. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. या आकड्यासमोर उपदेशाचा क्रम चुकविणे क्षम्य नाही.

नगरपालिकेकडे बोट दाखवून आपणही सुटत नाही. उत्सवाच्या दिवशी देवळापुढील जागा मोटारींनी भरते आणि सायकलीवर आलेला भाविक आपली सायकल कोठे टेकवावी हे शोधीत फिरतो. वाट कोणाची या प्रश्नाचे आपण तेथे दिलेले ते उत्तरच असते. देवस्थान समित्यांनी ते बदलणे अवघड नाही. चार हात जागा सायकलींसाठी राखावी, आणि देवळाच्या रस्त्यावर मोटार चालविताना पुढे सायकल दिसली की वेग कमी करावा. 'सांभाळा' हा शब्द उच्चारण्याचा पहिला हक्क, ज्याने स्वतःचा पाय ब्रेकवर ठेवला आहे, त्याचाच आहे.