मोटारसायकलवरचे सामान आणि अपरिग्रह

मोटारसायकलवरून लांबच्या प्रवासाला निघताना मुक्कामाचे सामान बांधणे हे वरवर पाहता निव्वळ कौशल्याचे काम आहे. पण काय घ्यायचे आणि काय ठेवायचे हे ठरवू लागले की अपरिग्रहाचा जुना प्रश्न समोर येतो. जवळ किती बाळगावे, उद्याची तरतूद किती करावी, आणि जे घेतले नाही त्याचा भार शेवटी कोणावर पडतो? पहिल्या दोन अंगांची चर्चा आपल्याकडे भरपूर झाली आहे. तिसरे अंग मात्र सहसा मागे पडते, आणि डोंगराळ, विरळ वस्तीच्या मुलखात हिंडणाऱ्यासाठी तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

चारचाकीत जास्तीचे सामान दडून जाते, दुचाकीवर दडत नाही. साधा तंबू दोन-तीन किलोंचा, स्लीपिंग बॅग किलो-दीड किलोची, पाणी लिटरला किलो. त्यावर स्टोव्ह, एखादे पातेले, रेनकोट, पंक्चरचे साहित्य, जादा क्लच केबल. जड वस्तू खाली आणि स्वाराच्या जवळ, दोन्ही सॅडलबॅगा सारख्या वजनाच्या, हलके पण फुगीर सामान मागच्या सीटवर आवळून, अशी बांधण्याची रीत आहे. वजन मागच्या चाकाच्या आसापलीकडे गेले की पुढचे चाक हलके पडते आणि वळणावर हँडल ऐकत नाही. भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंध घाटात किंवा वेल्हे आणि पानशेत यांच्यामधल्या पाबे घाटात हे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागत नाही. ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेली प्रत्येक वस्तू तिथे हातांना आणि पाठीला जाणवते.

पतंजलींच्या योगसूत्रांत अपरिग्रह हा पाच यमांपैकी शेवटचा. व्यासभाष्यात त्याची व्याख्या करताना वस्तू न स्वीकारण्याची कारणे दिली आहेत, आणि ती कारणे म्हणजे वस्तूंमध्ये दिसणारे पाच दोष: मिळवण्याचा, राखण्याचा, नाश पावण्याचा, आसक्तीचा आणि हिंसेचा. दीड हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचे हे वर्गीकरण प्रवासी सामानाला आश्चर्य वाटावे इतके नेमके लागू पडते. भारी तंबू घेण्यासाठी महिनोन्‌महिने पैसे साठवणे हा अर्जनदोष. चहाला थांबले तरी एक डोळा गाडीवरच्या बॅगांकडे, हा रक्षणदोष. एका सरीत स्लीपिंग बॅग भिजली आणि मुक्कामाची रात्र खंत करण्यात गेली, हा क्षयदोष. संग, म्हणजे आसक्तीचा दोष, त्याहून सूक्ष्म आहे. जायचे कुठे हे सामान ठरवू लागते: कच्चा रस्ता टाळला जातो, पायवाट सोडून दिली जाते, कारण बॅगा सोडून जाववत नाही. हिंसेचा दोष पुढे तपशिलाने येईल, कारण तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

जैन विचाराने या प्रश्नाला आणखी धार आणली. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर नाही, मूर्च्छेवर, म्हणजे ‘हे माझे’ या गुंगीवर केली आहे. त्यामुळेच दिगंबर मुनीची पिच्छी आणि कमंडलू परिग्रहात मोडत नाहीत. ती उपकरणे आहेत. पिच्छीने बसण्याची जागा हळुवार झाडायची, म्हणजे किडामुंगी दुखावणार नाही. कमंडलूतले पाणी शुद्धीसाठी. बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे आचार्य शांतिसागर दक्षिणेतून उत्तरेपर्यंत पायी विहार करत गेले आणि १९५५ मध्ये कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखनेने देह ठेवला. त्या सबंध प्रवासात त्यांच्यापाशी उपकरणांपलीकडे सामान नव्हते. गृहस्थाला हे शक्य नाही, हे जैन आचार्यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि त्याच्यासाठी परिग्रह-परिमाण हे अणुव्रत सांगितले: आपली मर्यादा आपणच, आधीच ठरवायची आणि मग ती ओलांडायची नाही. दोन सॅडलबॅगा आणि सीटवरचा एक गठ्ठा, याहून अधिक नाही, असे निघण्याच्या आठवडाभर आधी ठरवणारा स्वार नकळत हेच व्रत घेत असतो. निघायच्या आदल्या रात्री घेतलेला निर्णय मात्र बहुधा भीतीचा असतो, विवेकाचा नसतो.

उद्याच्या या भीतीवर भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपल्या चोवीस गुरूंपैकी एकाचा, मधमाशीचा, दाखला दिला आहे. एकनाथांनी १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केलेल्या टीकेमुळे तो मराठी घराघरांत पोहोचला. यतीने संध्याकाळसाठी किंवा उद्यासाठी साठवू नये. साठवणाऱ्याचा नाश मधमाशीसारखा साठ्यासकट होतो. पण याच माशीच्या वागण्याला दुसरी बाजू आहे. ती फुलाला न दुखवता, प्रत्येकाकडून थोडेथोडे घेते. जैनांच्या दशवैकालिक सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात आणि धम्मपदातही भिक्षूपुढे हाच आदर्श ठेवला आहे. मराठीत तर त्यावरून ‘माधुकरी’ हा शब्दच रूढ झाला. दासबोधात समर्थांनी भिक्षेवर स्वतंत्र समास लिहिला, तोही घेण्यातला संयम शिकवणारा आहे.

माधुकरी या शब्दातच तिसऱ्या अंगाचे बीज आहे. जो साठवत नाही तो दुसऱ्याच्या साठ्यावर जगतो. संन्याशाची झोळी रिकामी राहू शकते, कारण गावातल्या घरांत कणग्या भरलेल्या असतात. परंपरेने हे लपवले नाही. म्हणून तर किती घरी जावे, किती घ्यावे, कोणाला भार होऊ नये याचे बारकाईने नियम केले. आजचा ‘हलका’ प्रवासी मात्र झोळी घेतो आणि नियम विसरतो.

वेल्ह्यात हे उघड दिसते. या तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. पण मुलूख तोच आहे: तोरणा, राजगड, गुंजवणी आणि कानंदीची खोरी, डोंगराच्या पोटाशी विखुरलेल्या वाड्या. पावसाळ्यात कोसळणारा पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी दूरवर चालत जाणाऱ्या बायका, दोन्ही एकाच गावात. गुंजवणे किंवा पाली या पायथ्याच्या गावी मोटारसायकल थांबते आणि राजगडाची चढण सुरू होते. चोरदरवाजाने पद्मावती माचीवर जायचे तर सॅडलबॅगा खांद्यावर घेता येत नाहीत. गाडीला जे जड नव्हते ते पाठीला जड होते, आणि सामानाची दुसरी, अधिक खरी निवड इथे होते. खाली उरलेले सामान कोणाच्या तरी पडवीत ठेवले जाते. भाष्यातला रक्षणदोष त्या क्षणी मालकाकडून गावातल्या एखाद्या मावशीकडे जातो; तंबू शहरातल्या माणसाचा, काळजी तिची.

न आणलेल्या सामानाचा भार याहून मोठा. वजन नको म्हणून स्टोव्ह घरी ठेवला, तर चूल पेटते ती उतारावरच्या झाडांच्या फांद्या तोडून. पाण्याची बाटली भरून आणली नाही, तर गडावरच्या आटत आलेल्या टाक्यातून किंवा खालच्या घरातल्या हंड्यातून पाणी घेतले जाते. रेनकोट-तंबूवाचून मुसळधार पावसात सापडलेला माणूस दार ठोठावतो, आणि डोंगरातले घर त्याला नाही म्हणत नाही. दोन खोल्यांतली एक त्याला मिळते, घरची माणसे दाटीवाटीने निजतात. आग्रहाने वाढलेली भाकरी घेण्यात काही वाईट नाही. आतिथ्य हा या लोकांचा धर्म आहे. पण त्या धर्माला आपल्या सामानाच्या यादीत आधीच धरून ठेवणे हा परिग्रहच आहे, दुसऱ्याच्या वस्तूंवर केलेला. हिंसेचा दोष इथे लागतो. या हिशेबाने स्टोव्ह, पाणी आणि आपला कचरा परत नेण्याची पिशवी ही उपकरणे ठरतात, पिच्छीसारखी. गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमाला लिहिलेल्या पत्रांत अपरिग्रहाचा संबंध अस्तेयाशी जोडला: गरज नसताना जवळ ठेवलेली वस्तू चोरीची. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी मानावी लागते. गरज असताना न आणलेली वस्तू दुसऱ्याच्या घरून येते.

किल्ल्यांनी साठ्याची वेगळी नीती जपली आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहावे आणि एकाच पाण्यावर विसंबून राहू नये, असे बजावले आहे. तोरण्यावर सापडलेले धन राजगडाच्या बांधकामी लागले, ही कथा प्रसिद्धच आहे. या साठ्यात मूर्च्छा नव्हती, कारण तो एकट्याचा नव्हता. पंढरीच्या वारीतही हीच व्यवस्था दिसते: वारकऱ्याच्या खांद्यावर पडशी, आणि दिंडीच्या राहुट्या, धान्य, भांडी ट्रकमध्ये, सर्वांची मिळून. चार मोटारसायकली एकत्र निघाल्या तर स्टोव्ह एक पुरतो, हवा भरायचा पंप एक पुरतो, औषधांची पेटीही एकच. जोखीम वाटून घेतली की प्रत्येकाचे ओझे कमी होते, आणि ते वाडीवरच्या घरावर जाऊन पडत नाही.

प्रवासाहून परतल्यावर न वापरलेल्या वस्तू वेगळ्या काढाव्यात आणि पुढच्या वेळी त्या वगळाव्यात, असा एक सल्ला नेहमी दिला जातो. तिसरा शर्ट, दुसरी जाड चादर, न उघडलेले पुस्तक यांच्या बाबतीत तो योग्यच आहे. पंक्चरचे साहित्य आणि प्रथमोपचाराची पेटी यांना मात्र तो लावू नये. ती पुष्कळदा न उघडताच घरी येतात, आणि एखाद्या वर्षी वेल्ह्यातल्या केळद गावाच्या रस्त्यावर अंधारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या चाकासाठी उघडली जातात.