शतांशाचा न्याय

संत कान्हूराज पाठकांचें केंदूर हें शिरूर तालुक्यांतलें गांव. या मुलखांतल्या बैलगाडा-शर्यती ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांस ठाऊक आहे कीं, घाटांत गाडे जोडीनें धांवत नाहींत. एक गाडा सुटतो, घाट चढून जातो, त्याचे सेकंद घड्याळ सांगतें. मग दुसऱ्याची बारी. प्रतिस्पर्धी समोर नसतोच. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या शर्यती बंद केल्या, २०२१ मध्यें सशर्त परवानगी दिली आणि २०२३ सालीं राज्याचा कायदा वैध ठरविला. बैलांच्या क्लेशांचा तो वाद महत्त्वाचा खरा, पण आज आमचा प्रश्न घड्याळाचा आहे. मोजमाप जितकें सूक्ष्म तितका न्याय अधिक खरा, हें गृहीत धरणें कितपत योग्य?

जेथें स्पर्धक एकत्र धांवतात तेथें एका कांट्याचें घड्याळ अपुरें पडतें. पहिल्यासाठीं तें थांबविलें कीं दुसऱ्याचा वेळ हातचा गेला. या अडचणींतून जोडकांट्याचें घड्याळ निघालें. त्यांत सेकंदाचे दोन कांटे एकावर एक बसविलेले असतात व एकच असल्यासारखे फिरतात. कळ दाबली कीं एक चिमटा वरच्या कांट्याचें चाक धरतो. तो थबकतो, खालचा चालतच राहतो. आंकडा टिपून पुन्हां कळ दाबावी, तों थांबलेला कांटा झेप घेऊन सोबत्यास गांठतो. ही झेप हृदयाच्या आकाराच्या एका चकतीमुळें साधते: स्प्रिंगनें दाबलेली दांडी तिच्या कडेवरून घसरत सर्वांत खोल जागीं येते, आणि ती जागा नेहमीं चालत्या कांट्याबरोबर असते. फ्रेंचांनीं यास ‘रात्रापाँत’, म्हणजे मागून गांठणारें, असें नांव दिलें. खिशांतल्या घड्याळांतली ही युक्ति जिनेव्हाच्या पातेक फिलिपनें १९२३ सालीं मनगटावर आणली. आज स्फटिकाचें स्वस्त घड्याळ याहून अचूक वेळ देतें, तरी लोक यासाठीं लाखों रुपये मोजतात. याला आम्ही केवळ धनिकांचा षोक म्हणणार नाहीं. क्षणभर थांबून पाहावें आणि तरीहि मागें पडूं नये, ही मनुष्याची फार जुनी इच्छा आहे. ती येथें हातांत धरतां येते.

१९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठीं ओमेगानें अशीं तीस घड्याळें पाठविलीं. तीं सेकंदाचा दशांश दाखवीत. शंभर मीटरच्या धांवेंत टोलन व मेटकाफ या दोघांचाहि वेळ १०.३ सेकंदच भरला, आणि चित्रफीत पाहून टोलनला विजयी ठरविलें गेलें. पुढें विजेचीं साधनें आलीं. १९७२ सालीं म्युनिक येथें चारशें मीटर पोहण्याच्या शर्यतींत लार्सननें मॅकीला सेकंदाच्या दोन सहस्रांशांनीं हरविलें. तेवढ्या वेळांत पोहणारा तीनएक मिलिमीटर पुढें सरकतो; तलावाच्या दोन पट्ट्यांच्या लांबींतच याहून अधिक फरक असूं शकतो! पुढें पोहण्यांत शतांशापर्यंतच मोजावें, आणि तेथें बरोबरी झाल्यास दोघांनाहि समान मानावें, असा नियम झाला.

बीड जिल्ह्यांतील मांडव्याच्या अविनाश साबळे यांचें सुवर्णपदक २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांत पांच शतांशांनीं हुकलें. किबिवोटचा वेळ ८ मिनिटें ११.१५ सेकंद, साबळे यांचा ८ मिनिटें ११.२० सेकंद. निकालाबद्दल तक्रार नाहीं. रेषा एकानें आधीं ओलांडली. परंतु पहिला कोण हें ठरविणें निराळें, आणि दोघांच्या योग्यतेंत अंतर किती हें ठरविणें निराळें. आम्ही अध्यापक मंडळी उत्तरपत्रिका अंदाजाच्या नजरेनें तपासतों आणि टक्केवारी मात्र दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत काढतों. त्या दुसऱ्या स्थळावर एखाद्या मुलाचें आयुष्य वळण घेतें, व त्याच्या घरचे लोक तो आंकडा योग्यतेचा म्हणून वर्षानुवर्षें उगाळीत बसतात.

घाटांतल्या पंचांचा व्यवहार या बाबतींत पाहण्यासारखा आहे. हातानें घड्याळ दाबणाऱ्याच्या डोळा व अंगठा यांच्यामध्येंच दशांश सेकंदाहून अधिक वेळ निघून जातो. अनेक घाटांत ठरलेल्या सेकंदांच्या आंत आलेले सारे गाडे पहिल्या क्रमांकांत धरतात आणि बक्षिसाची रक्कम त्यांच्यांत वांटतात. सर्वांत वेगवान गाड्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून मान मिळतो, तो वेगळा. आतां घाटांतहि विजेचीं घड्याळें आलीं आहेत व तीं सेकंदाचे बारीक तुकडे दाखवितात. वांटणी मात्र अद्याप सेकंदावरच होते.