देवी झोपते तेव्हा

तुळजापूरचे यंदाचे शारदीय नवरात्रही घटस्थापनेच्या आठवडाभर आधी, देवीच्या झोपेनेच सुरू होईल. भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून पलंगावर निजवतात. प्रतिपदेला ती पुन्हा सिंहासनावर येते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा असते. जी विश्वाची चेतना, तिला थकवा कसा येईल? हा माणसाने देवावर लादलेला माणूसपणा आहे, असा आक्षेप घेता येतो. पण देवीमाहात्म्यात विष्णूची योगनिद्रा हे देवीचेच रूप आहे. म्हणजे झोप हे तिथे उणेपण मानलेलेच नाही. शिवाय विधी देवाविषयी माहिती सांगत नसतो, तो माणसांना काम नेमून देतो. ज्या देवाला काहीच लागत नाही, त्याच्यासाठी गाव एकत्र येणार तरी कशाला? देवी दमते म्हणून दसऱ्याची पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून आणि पलंग घोडेगावहून येतो. गावोगावचे हात त्या निजेला लागतात.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: हे हात पिढीजात मानाचे, बाकीच्यांनी रांगेत उभे राहायचे. तो मला खोडता येत नाही, आणि खोडूही नये. मात्र त्याने सेवेची कल्पना खोटी ठरत नाही, तिची वाटणी तेवढी अपुरी ठरते. सेवा जर देवीची गरज असेल, तर ती काही घराण्यांची मालमत्ता असू शकत नाही.